स्क्रिप्ट 'डन' म्हणते, पण व्हीपीएन खरंच लागलाय का?

व्हीपीएनच्या पायथन स्क्रिप्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चूक लपवणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा हाताने सेटिंग केलेलं बरं.

समजा, तुमची दोन दुकानं आहेत. स्टॉक आणि हिशेब मुख्य दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आणि शाखेतलं बिलिंग वायरगार्डवरून. सकाळी स्क्रिप्ट चालते, स्क्रीनवर 'डन' येतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि बिल काही निघत नाही! मग आपण राउटर बंद-चालू करतो, इंटरनेटवाल्याला फोन लावतो. स्क्रिप्टवर कोणाला संशयच येत नाही.

पायथनमध्ये 'सबप्रोसेस.रन'ने चालवलेली कमांड फसली, तरी स्क्रिप्ट गुपचूप पुढे जाते. 'चेक=ट्रू' लिहिलं तरच ती थांबून ओरडते. त्यावरही कोणी 'एक्सेप्ट: पास' लिहून ठेवलं असेल, तर तोंडच दाबलं की हो तिचं!

शिवाय कमांड चालली म्हणजे व्हीपीएन जोडला असंही नाही. समोरच्याची की चुकीची असली तरी वायरगार्डचा इंटरफेस चालू होतो. म्हणून हा क्रम पाळा:

१. स्क्रिप्ट बाजूला ठेवा, तीच कमांड हाताने चालवा. परवानगी नाकारली, तर प्रश्न ॲडमिन हक्काचा आहे.

२. 'डब्ल्यूजी शो'मध्ये 'लेटेस्ट हँडशेक' बघा. ती ओळच नसेल, तर की, समोरचा पत्ता आणि यूडीपी पोर्ट तपासा.

३. हँडशेक आहे पण डेटा येत नाही? 'अलाउड आयपीज' बघा. दोन्ही दुकानांचे राउटर १९२.१६८.१ याच मालिकेवर असतील, तर पॅकेट नेमकं कुठे पाठवायचं याचा गोंधळ होतो. एका ठिकाणची मालिका बदला.

४. आयपीने चालतं, नावाने नाही? मग डीएनएस.

तुम्ही म्हणाल, "एवढं कशाला? आमचा मुलगा बघतो ना ते सगळं." अहो, तो मुलगा उद्या दुसरीकडे जाईल. बिल तुमचं थांबणार आहे, त्याचं नाही.

म्हणून स्क्रिप्ट करून घेताना एकच अट घाला. शेवटी तिने मुख्य दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरशी खरंच बोलून बघायचं आणि उत्तर आलं तरच 'डन' छापायचं. नाहीतर लाल अक्षरात सांगायचं, कुठे अडलं ते. मुख्य दुकानाचं कनेक्शन मुद्दाम तोडून ही अट तुमच्यासमोर तपासा, मगच पैसे द्या.