७७७ करून टाक न!

मागच्या रविवारी लकडगंजात काकांच्या लाकडाच्या वखारीत बसलो होतो. साइट उघडली की ४०३! काका म्हणाले, "मागच्या वेळी ते ७७७ केलं होतंस न, तेच करून टाक."

मी गप्प. त्या ७७७ नेच तर घात केला होता. एकाच आयपीवर दोन व्हर्च्युअल होस्ट, एक काकांचा, एक त्यांच्या भावाचा. नावं वेगळी, पण अपाची दोन्हीकडे एकाच युजरने चालतो. भावाच्या साइटवरच्या गळक्या फॉर्ममधून कुणीतरी शिरलं आणि काकांच्या पानावरचे सागवानाचे भाव बदलून गेलं. गिऱ्हाईक भांडलं ते काकांशी. चूक माझी होती.

यावेळी बघितलं तर फक्त वरच्या एका फोल्डरला 'एक्स' नव्हता, म्हणून सर्व्हर आतच जाऊ शकत नव्हता. तो दिला. बाकी फोल्डर ७५५, फाइली ६४४. पाच मिनिटांचं काम.

तर मंडळी, माझं स्पष्ट मत: ७७७ हा उपाय नाही, आळस आहे. एरर जातो, दार उघडं राहतं. कुणाला काय लागतं ते आधी विचारा, तेवढंच द्या.

काका रोज रात्री वखारीचं कुलूप ओढून बघतात. आपण बघतो का?