आरसी बुक आहे, लायसन्स कुठाय?

प्रश्न विचारण्यात आपण शहरातली माणसं एकदम एक्स्पर्ट. वीकेंडचं बुकिंग करताना होम-स्टेच्या काकूंना फोनवर काय काय विचारत नाही आपण? एसी आहे ना? गीझर चालतो ना? सुरमई ताजी असते ना? गाडी सावलीत लागेल ना? आणि मग तेच आपण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन एका अनोळखी मुलाच्या स्पीडबोटीत चढतो, तेव्हा एकच प्रश्न विचारतो. ‘पर हेड कितना?’

बॉस, गीझर बंद पडला तर फार तर गार पाण्याने आंघोळ होते. समुद्राचं तसं नसतं.

दिवेआगर आता कुणाला नवीन नाही. पुण्याहून ताम्हिणी उतरायचा, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत गेलात की सुपारीच्या वाड्या लागतात, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे मैलोन्‌मैल सरळ पसरलेली वाळू. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गाव नकाशावर आलं. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, तरी लोक येत राहिले. आता बीचवर बनाना राइड आहे, बंपर आहे, जेट-स्की आहे, पॅरासेलिंग आहे. शनिवार-रविवारी तर विचारू नका.

या सगळ्या राइड्स चालवतं कोण? नीट बघा. बहुतेक आपल्यापेक्षाही लहान पोरं. त्यातल्याच एकाशी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना गप्पा झाल्या. वय एकविसाच्या आसपास. अंगात फुटबॉलचा टी-शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, आणि बोटीवर उडी मारायची स्टाइल अशी की आपण जिममध्ये कितीही घाम गाळा, जमणार नाही.

त्याच्या घरची सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तो शाळा संपवून कॉलेजात जायच्या बेतात होता. एका दुपारीत वाडी आडवी झाली. सुपारीचं रोप लावलं की पीक हातात यायला पाच-सात वर्षं सहज जातात. तोवर घर चालायला हवं. मामा मासेमारी करतात. त्यांच्या होडीवर हा लहानपणापासून जायचा. इंजिन कळत होतं, लाट कळत होती. मग काय, बीचवर बोटीवर लागला.

‘लायसन्स आहे तुझ्याकडे?’ मी विचारलं.

‘हाय ना ताई. बोटीचे सगळे पेपर शेठकडे हायेत.’

‘बोटीचे नाही रे. तुझं.’

तो हसला. ‘माझं कशाला? समुद्र आम्हाला कुणी शिकवायला लागत नाय.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सगळी गंमत, म्हणजे सगळा धोका, याच एका वाक्यात आहे.

आधी पेपरचा घोळ सोडवू. गाडीचं आरसी बुक वेगळं आणि ड्रायव्हिंग लायसन्स वेगळं, हे आपल्याला अठराव्या वर्षापासून माहीत असतं. मित्राच्या गाडीचे पेपर एकदम ओके आहेत म्हणून पोलीसमामा आपल्याला बिनलायसन्सचं सोडत नाहीत. बोटीचंही तसंच आहे. बोटीची नोंदणी आणि सर्व्हे हा एक भाग. राइड्सचा धंदा करायची परवानगी हा दुसरा. आणि चालवणाऱ्याचं स्वतःचं सर्टिफिकेट हा तिसरा. बीचवर पेपर विचारले की पहिला किंवा दुसरा दाखवला जातो आणि तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

महाराष्ट्रात छोटी बंदरं, जेट्ट्या आणि प्रवासी बोटी यांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. खाड्या, नद्या आणि सरकारने ठरवलेल्या हद्दीपर्यंतचं भरती-ओहोटीचं पाणी यासाठी देशात चक्क १९१७ चा ब्रिटिशांच्या काळातला कायदा चालू होता. त्याची जागा २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टने घेतली. बोटीची नोंदणी, सर्व्हे, चालवणाऱ्या माणसांची लायकी ठरवणारं सर्टिफिकेट आणि विमा, हे सगळं त्या कायद्यात आहे. त्याच वर्षी राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. राइड्स चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, शिकलेली माणसं ठेवायची, सेफ्टीचं सामान ठेवायचं, असा त्याचा फंडा.

आणि शिकायचं कुठे? गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या छत्राखालची ही संस्था. पॉवरबोट चालवण्याचे आणि जीव वाचवण्याचे कोर्स तिथे असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या नव्या कॅम्पसचं उद्‌घाटन झालं. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडांची संस्था आहे. म्हणजे सोय अगदीच नाही असं नाही.

आता मुख्य मुद्दा. मामाच्या होडीवर लाट ओळखायला शिकलेल्या मुलाला हे कोर्स नवीन काय देणार?

तर, आपल्याला सांभाळायला शिकवणार.

मासेमारीच्या होडीवर सगळेच जाणते असतात. कुणी कुठे बसायचं, कधी वाकायचं, हे सांगावं लागत नाही. एखादा पडला तरी त्याला पोहता येतं. पर्यटकांच्या बोटीवर बरोबर उलटं. आपल्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही आणि तसं कबूल करायची लाज वाटते. आपण जीन्स घालून चढतो. सेल्फीसाठी सगळे एकाच बाजूला जातो. लाइफ जॅकेटचं बक्कल फोटोत ढेरी दिसते म्हणून उघडं ठेवतो. समुद्र ओळखणं आणि असली माणसं समुद्रात नेऊन परत आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याला मामाने शिकवलं. दुसरं मामाला कधी करावंच लागलं नाही.

उदाहरण घ्या बनाना राइडचं. त्या राइडची मजाच मुळी आपल्याला पाण्यात पाडण्यात आहे. आता पाच-सहा माणसं पाण्यात आहेत आणि बोट वळून त्यांच्याकडे येतेय. त्या क्षणी मागचा पंखा फिरत असेल तर तो माणूस आणि लाट यांच्यात फरक करत नाही. म्हणून जवळ येताना वेग मारायचा, इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि पंखा माणसांपासून लांब ठेवायचा. चालवणारा पुढे बघतो, म्हणून मागे ओढल्या जाणाऱ्या माणसांवर नजर ठेवायला दुसरा माणूस हवा. या गोष्टी लहानपणच्या सवयीने येत नाहीत. कुणीतरी शिकवून, घोटून घ्याव्या लागतात.

पाण्यावरचे ट्रॅफिकचे नियमही असतात, आणि ते आपल्या रस्त्याच्या सवयीच्या उलटे. दोन इंजिनाच्या बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. उजवीकडून आडवी बोट आली तर वाट आपण द्यायची. शिडाच्या होडीला इंजिनवाल्याने सांभाळून घ्यायचं. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा, म्हणजे समोरची बोट येतेय की जातेय हे अंधारातही कळतं. दिवेआगरच्या बीचवर एका वेळी पाच-सहा बोटी गोल गोल फिरत असतात. शेजारच्या दिघीहून जंजिऱ्याकडे आणि आगरदांड्याकडे प्रवासी बोटी सुटतात. प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने वळायचं ठरवलं तर काय होईल?

अमेरिकेतल्या राज्यांनी यावर एक मजेशीर तोडगा काढलाय. तिथे बोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं कार्ड लागतं आणि ते बहुतेक तरुणांनाच. फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला दहा हॉर्सपॉवर किंवा त्यापुढची बोट चालवायची तर कोर्स करावाच लागतो. टेक्सासमध्ये हीच तारीख १ सप्टेंबर १९९३ आहे. म्हणजे टँपात राहणारा तुमचा मावसभाऊ हातात कार्ड घेऊन फिरणार आणि त्याचा साठीचा शेजारी तसाच. जुन्यांना सुट्टी, नव्यांना परीक्षा. हळूहळू पाण्यावर सगळेच शिकलेले होतील, असा हिशोब. फ्लोरिडात चौदाच्या आतल्या मुलाला जेट-स्की चालवता येत नाही आणि भाड्याने घ्यायला अठरा पूर्ण लागतात. तिथल्या कोस्ट गार्डचा २०२३ चा अहवाल सांगतो की वर्षभरात मनोरंजनाच्या बोटींवर ५६४ माणसं गेली. चालवणारा शिकलेला होता की नाही हे जिथे कळलं, तिथले ७५ टक्के मृत्यू न शिकलेल्यांच्या बोटींवरचे. बुडालेल्यांपैकी ज्यांच्या लाइफ जॅकेटची माहिती मिळाली, त्यातल्या ८७ टक्क्यांच्या अंगात ते नव्हतंच.

आपल्याकडची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. पंधरा जण गेले. त्यानंतर लगेच गेटवेच्या प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे नियमाला आधी बातमी लागते.

हे सगळं मी त्या मुलाला माझ्या पद्धतीने सांगत होते. तो ऐकत होता, पण मध्येच म्हणाला, ‘ताई, मला काय जायचं नाय काय? गोव्याला जायचं म्हणजे फी, राहणं, खाणं. आणि तेवढे दिवस इथे माझ्या जागी दुसरा उभा राहणार. परत आलो तर ती जागा माझी असेल?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं की उद्या काही झालं, तर पोलीस पहिल्यांदा कुणाचं नाव लिहितील? पेपरवर नाव शेठचं, पण हँडल कुणाच्या हातात होतं?

तो बराच वेळ वाळूत पायाने रेघा मारत बसला. मग म्हणाला, ‘आई पण हेच बोलते.’

म्हणून हा कॉलम त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. कारण सर्टिफिकेट नसल्याची किंमत दोघांनी मोजायची असते. पाण्यात आपण, कोर्टात तो. आणि ते मिळवायची फी भरू शकणारा माणूस वाळूवर खुर्ची टाकून पैसे घेत बसलेला असतो. त्याला कोर्सचं महत्त्व पटवायचा एकच मार्ग आहे. शनिवारी सकाळी दहा गिऱ्हाइकांनी विचारायचं, ‘बोट चालवणार कोण? त्याचं सर्टिफिकेट आहे?’ आणि उत्तर गोलगोल आलं तर गोड हसून पुढच्या स्टॉलकडे जायचं. फीपेक्षा परत गेलेलं गिऱ्हाईक महाग पडतं, हे गणित कुठल्याही शेठला पाठ असतं. मग तोच पोराला पावसाळ्याआधी गोव्याची तिकिटं काढून देईल, आणि परत आल्यावर त्याची जागाही राखून ठेवेल.

प्रश्न विचारून झाला की तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. एक, इंजिनाजवळून निघालेली स्प्रिंगसारखी वळ्यावळ्यांची दोरी, बहुतेक लाल. ही किल-स्विचची दोरी. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, म्हणजे तो उडून पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. अमेरिकेत सव्वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींसाठी १ एप्रिल २०२१ पासून ती लावणं सक्तीचं आहे. दोन, बनाना किंवा बंपर ओढणाऱ्या बोटीवर मागे बघणारा दुसरा माणूस. तीन, तुमच्या मापाचं लाइफ जॅकेट, सगळी बक्कलं लावलेली. खांद्याजवळ धरून वर ओढलं आणि ते हनुवटीला टेकलं, तर ते सैल आहे. बदलून मागा.

आणि ‘भाऊ, आम्ही सात जण आहोत, अॅडजस्ट कर ना’ हे वाक्य कृपया बोर्ली पंचतनच्या अलीकडेच सोडून या. शेअर रिक्षात चौथी सीट चालते. बोटीत ती वजन असते.

फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करून ठेवा. कोस्ट गार्ड १५५४. सागरी पोलीस १०९३. दोन्ही लागू नयेत अशीच इच्छा. पण पुढच्या लाँग वीकेंडला दिवेआगरला गेलात आणि एखाद्या रापलेल्या चेहऱ्याच्या पोराने खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सर्टिफिकेट काढून दाखवलं, तर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. जरा जास्तच द्या. त्याने तुमच्यासाठी शिकून घेतलंय.