निपाणीच्या वाड्यातील पाळणा

कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना निपाणी लागते. आज हे गाव तंबाखूच्या वखारींसाठी सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोनशे वर्षांमागे ह्या भागात निपाणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच पुरुष उभा राही. तो म्हणजे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, अर्थात आप्पा देसाई निपाणकर. ह्या सरदाराच्या पराक्रमाच्या कथा आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. त्याच्या घराची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आज मला तीच सांगावयाची आहे.

पराक्रमाचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी तो सरलष्कर होता. १८०३ साली जनरल वेलस्लीने शिंद्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा पेशव्यांच्या फौजेत बापू गोखल्यांबरोबर हाही होता. १८०८ साली सावगावच्या लढाईत त्याने प्रत्यक्ष कोल्हापूरच्या महाराजांचा पराभव केला. चिकोडी व मनोळी हे मुलूख त्याने कोल्हापूरकरांकडून घेतले. पुढे पेशवाईचा अंत जवळ आला, तेव्हा ह्या चतुर गृहस्थाने वारा ओळखून इंग्रजांशी सलोखा राखला. चिकोडी-मनोळी गेली, पण निपाणी राहिली. पेशवे गेले, देसाई राहिले! असा मनुष्य कोणाच्या हाती सहज सापडावयाचा नाही, असेच कोणीही म्हणेल.

परंतु वाड्यात पाळणा हलला नव्हता. देसायांनी एकाहून अधिक विवाह केले, तरी वारस नाही. जहागीरदाराच्या घरी वारस नसणे हे त्या काळी किती भयंकर होते, हे समजण्यासाठी कित्तूरकडे पाहावे. १८२४ साली कित्तूरचे तरुण देसाई निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक कंपनी सरकारच्या धारवाडच्या अधिकाऱ्याने, थॅकरेने, मान्य केले नाही. त्यावरून युद्ध पेटले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, आणि राणी चन्नम्मांनी १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत देह ठेवला. हे सारे निपाणीपासून फार दूर घडले नव्हते. दत्तकाचा मार्ग किती निसरडा आहे, हे देसायांना कोणी वेगळे सांगावयास नको होते.

तेव्हा १८३१ साली वाड्यातून बातमी निघाली की, देसायांच्या पत्नीस पुत्र झाला. कंपनी सरकारला संशय आला. चौकशी झाली, आणि मूल दुसऱ्याचेच असून ते आपले म्हणून पुढे केले आहे, असा निर्णय झाला. शिक्षा अशी की, जहागीर देसायांच्या हयातीपुरतीच; पुढे ती सरकारजमा. १८३९ साली सिद्धोजीराव वारले आणि ठरल्याप्रमाणे निपाणी खालसा झाली. १८४१ साली त्यांच्या पदरच्या अरबांनी बंड करून किल्ला बळकावला, पण ते बंड लौकरच मोडले.

लबाडी ती लबाडीच. तिचे समर्थन मी करीत नाही. परंतु हा प्रसंग वाचताना मला शलमोन राजाच्या दरबारातील त्या दोन स्त्रिया आठवतात. तेथे राजाने मूल कोणाचे हे शोधले, आणि ते खऱ्या आईच्या कुशीत गेले. येथे चौकशीचा सारा रोख जहागिरीवर होता. ज्या माउलीने आपले बाळ वाड्यात दिले, आणि जिने ते आपले म्हणून मांडीवर घेतले, त्या दोघींवर काय गुजरले असेल? हन्नेला तिची सवत टोचून बोलत असे, आणि ती मंदिरात मूकपणे रडली, हे आपण शास्त्रपाठात ऐकतो. तिच्या नवऱ्याने, एलकानाने, निदान तिची समजूत तरी घातली. आपल्या गावांतून आजही पाच वर्षे मूल न झालेल्या सुनेला बारशाच्या घरी पुढे बोलावीत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही.

आणि दत्तकाचे म्हणाल, तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची स्थितीही फार काळ त्या देसायांसारखीच अवघड होती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्यापुरता होता. ख्रिस्ती दांपत्याने अनाथालयातून बालक आणले, तरी १८९० च्या कायद्याखाली ते केवळ 'पालक' ठरत, आईबाप नव्हे. वारसाहक्क आपोआप मिळत नसे. त्यामुळे कित्येक घरांत मूल बहिणीचे की कोणाचे, ह्याविषयी कुजबूज चाले, आणि काही घरांत ते पोटचेच म्हणून सांगितले जाई. बालन्याय कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोणत्याही धर्माच्या मनुष्यास दत्तक घेण्याची वाट खुली झाली. २०१५ च्या कायद्याने ती कायम राखली. आता नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. असे मूल सर्व अर्थांनी त्या घरचेच होते, शेतीच्या उताऱ्यावरही.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा प्रश्न पुष्कळजण दबक्या आवाजात विचारतात, म्हणून लिहून ठेवतो. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे दत्तक बालकाच्या नोंदीत दत्तक घेणाऱ्या आईबापांची नावे लिहिली जातात. कागदपत्रे घेऊन धर्मगुरूंकडे उजेडी जावे. संत योसेफाच्या चित्राखाली बसूनच काही ठिकाणी ती वही लिहितात.