विळ्याचा दगड आणि अंगठीतला खडा



मागच्या लग्नसराईत एका गावी कांद्यावरचे फुलकिडे पाहायला गेलो होतो. चहाला बसलो तेव्हा घरच्या वहिनींनी एक अंगठी पुढे केली. कांद्याच्या पैशातून जावयासाठी घेतलेली. "भाऊसाहेब, दुकानदाराने हिरा म्हणून दिली. त्याचे यंत्रही हिराच म्हणाले. पण ही चमक मला जरा जास्तच वाटते."

मी शेतीचा माणूस, सराफीतले मला काय कळणार? पण फुलकिडे पाहायचे भिंग खिशात होते. खडा थोडा तिरका धरून पाहिला, तर आतल्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. भिंग म्हणजे निवाडा नव्हे, म्हणून त्यांना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवले. खडा मॉइसनाइट निघाला.

हे मॉइसनाइट म्हणजे काय? १८९३ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ अमेरिकेतल्या ॲरिझोनात पडलेल्या उल्केचे तुकडे तपासत होते. त्यांत हे स्फटिक सापडले. पुढे त्यांचेच नाव खड्याला मिळाले. निसर्गात ते इतके विरळ, की दागिन्यातले सगळे मॉइसनाइट कारखान्यातच बनते. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. हे म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग. विळ्याला धार लावायचा कार्बोरंडमचा दगड तुमच्या घरी असेल, तर तो याच संयुगाचा. एक ओबडधोबड, दुसरा पारदर्शक स्फटिक, एवढाच फरक.

म्हणूनच तो टिकाऊ आहे. कठीणपणाच्या मापात हिरा १०, मॉइसनाइट ९.२५, माणिक ९. अमेरिकन डायमंड ८ ते ८.५, म्हणून तो वापराने लवकर घासतो. मॉइसनाइट तसा घासत नाही. प्रकाशाचे रंग फाकण्याचा गुण तर त्यात हिऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. उन्हात तो इंद्रधनुष्यासारखा चमकतो. वहिनींची नजर बरोबर होती! आकार तोच असेल तर वजन मात्र हिऱ्यापेक्षा सुमारे ९ टक्के कमी भरते.

मग यंत्र कसे फसले? साधे यंत्र खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते एवढेच पाहते. ती दोघांतूनही झपाट्याने वाहते. म्हणून विजेचीही चाचणी करणारे यंत्र लागते. आणखी एक ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा हा खराच हिरा असतो, पण त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

मॉइसनाइट वाईट नाही. थोड्या पैशात हौस भागते, बोटात शोभून दिसते. वाईट आहे ते हिऱ्याच्या भावाने विकणे. आपल्या त्या घरी नेमके तेच झाले. पावतीवर फक्त 'खड्याची अंगठी' लिहिलेले. दुकानदार म्हणाला, "मी हिरा कुठे लिहून दिलाय?" वर्षाची कमाई गेली आणि हातात पुरावा नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी एवढे कराच:

१. पावतीवर खड्याचे नाव लिहून घ्या: खाणीतला हिरा, प्रयोगशाळेतला हिरा की मॉइसनाइट.

२. सोन्याचे व खड्याचे वजन वेगळे लिहून घ्या. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, खड्याचा कॅरट वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम.

३. हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याची नव्हे. हिरा घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा.

४. सोन्यासारखी मोड हिऱ्याला मिळेल असे धरू नका. मॉइसनाइटला तर मोड जवळजवळ नाहीच. अडीनडीसाठी ठेवायचे असेल तर सोनेच बरे.

बियाण्याची पिशवी, लेबल आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असे मी तुम्हाला दर हंगामात सांगतो. खड्याची पावती तर दागिना घरात असेपर्यंत जपायची.