पाच एकरवाल्याच्या दारात पिकअप कशाला?



आज थोडं कडू लिहिणार आहे. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली त्यांनी राग मानू नये, आणि मानला तरी वाचून मग मानावा.

दोन वर्षांत आमच्या गावात अकरा नव्या पिकअप आल्या. गाव तीनशे उंबऱ्यांचं. अकरापैकी दोन बऱ्या चालतात, त्या दोघांचा टोमॅटो आहे आणि बाकी दिवस भाड्याचा धंदाही आहे. दोन फायनान्सवाले ओढून घेऊन गेले. उरलेल्या सात दारापुढे उभ्या आहेत, बोनेटवर कोंबड्या बसतात. सातही घरं कांदेवाली, चार-पाच-सहा एकरची. आणि सातही घरांत आधीपासून ट्रॅक्टर आहे, नाही ती फक्त ट्रॉली. म्हणजे ओढणारा बैल दावणीला बांधलेला असताना गाडी ओढायला दुसरा बैल आणला, तोही कर्जाने.

या पोरांना विचारलं की एकच उत्तर. "तात्या, गाडी दारात असली की मार्केट आपल्या हातात." आणि शोरूमचा माणूस त्यांना सांगून गेलेला असतो की गाडी स्वतःचा हप्ता स्वतः फेडते. मला तीस वर्षांत स्वतःचा हप्ता फेडणारी एकच वस्तू दिसली, ती म्हणजे गाय, आणि तिलाही चारा आपणच घालतो.

आता हिशेब करू. माझाच धरा. अडीच एकर उन्हाळ, दीड एकर लाल, बाकी मका. उन्हाळ एकरी १०० क्विंटल आणि लाल ७० धरला, तर वर्षाचा माल ३५५ क्विंटल होतो. खेपेला २५ क्विंटल टाकले तर चौदा-पंधरा खेपा. वर्षाला! आमच्याकडून लासलगाव बावीस किलोमीटर, विंचूर त्याहून जवळ. भाड्याची पिकअप खेपेचे अडीच हजार घेते. पंधरा खेपांचे साडेसदतीस हजार झाले.

दहा लाखांच्या आसपासची गाडी, त्यात दोन लाख आपले, आठ लाख कर्ज. ११ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो सतरा हजार चारशेच्या जवळ. साठ हप्ते भरले की आठ लाखांचे दहा लाख त्रेचाळीस हजार जातात. वर्षाचा नुसता हप्ता दोन लाख आठ हजार. वर विमा. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीच पंधरा हजारांच्या वर जातो. पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. टायर, पाटे, बॅटरी वेगळे. साडेसदतीस हजार वाचवायला सव्वादोन लाख घालायचे याला शेती म्हणत नाहीत, हौस म्हणतात. हौसेलाही माझी ना नाही, पण मग ती हौस आहे असं तोंडाने कबूल करा आणि कांद्याच्या नावावर टाकू नका.

बरं, २५ क्विंटल मी म्हटलं ते सगळे भरतात म्हणून. आरसी बुक काढून बघा. या गाड्यांची पासिंग साधारण दीड टनाच्या आसपास असते. कायद्याने भरायचं म्हटलं तर खेपेला पंधरा क्विंटल, म्हणजे चौदाच्या जागी चोवीस खेपा. आणि जादा भरून सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शोरूममध्ये फोटो काढताना हे कोणी सांगत नाही. हार घालतात, पेढा देतात.

यावर पोरं म्हणतात, आम्ही भाडं मारू. मारा ना. पण गावात अकरा गाड्या आणि भाडं मारायचंय अकराही जणांना. सीझनमध्ये सगळ्यांचा कांदा एकदमच निघतो, तेव्हा तुमचाही निघतो. सीझन संपला की सगळ्या गाड्या एकदमच रिकाम्या. अडीच हजाराचं भाडं अठराशेवर याच पोरांनी आपापसात आणलंय. ज्याने गाडी घेतली नाही त्याची मात्र मजा झाली, त्याचा माल स्वस्तात जातो. मी त्यातलाच एक, लपवत नाही. ट्रॉली नांगरटीमुळे अडकली की मी यांचीच गाडी सांगतो.

आता ट्रॉली. दोन चाकी, हायड्रॉलिक, पावणेदोन लाखांत चांगल्या पत्र्याची मिळते. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, ऑइल नाही. वीस वर्षं चालते, मधे दोनदा टायर आणि एकदा तळाचा पत्रा. कांद्याच्या चौदा खेपा झाल्या की ती शेणखत वाहते, मक्याचा चारा वाहते, रोपं वाहते, उन्हाळ्यात वर टाकी ठेवली की पाणी वाहते. पिकअपमध्ये शेणखत भरणारा मला एकजण दाखवा. पहिल्या वर्षी तर सीटला कव्हर असतं, पोराला चप्पल बाहेर काढायला लावतात.

पण पैशापेक्षा मोठा मुद्दा दुसराच आहे. ट्रॉली सुटते.

पिकअपमध्ये माल आणि इंजिन एकाच सांगाड्यावर. माल अडला की गाडी अडली. ट्रॉलीची पिन काढली की माल जागेवर, ट्रॅक्टर मोकळा. हे किती कामाचं आहे ते २०२३ साली कळलं. ऑगस्टमध्ये सरकारने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लिलाव बंद पडले. सप्टेंबरच्या २० तारखेपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले, ते जवळजवळ दोन आठवडे. तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेली. ज्यांच्या भरलेल्या ट्रॉल्या होत्या त्यांनी त्या शेडखाली लावल्या, हवा लागेल अशी ताडपत्री वर केली, पिन काढली आणि ट्रॅक्टर मळणीला नेला. पिकअपवाल्यांनी आधी कांदा खाली ओतला, मग वाट बघितली, मग परत भरला. भरण्या-उतरवण्याची मजुरी दोनदा, वर कांद्याला मार लागला तो वेगळा. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांद्याची हीच गत. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावा लागतो, आणि भाव पडला तरी हप्त्याची तारीख काही पुढे सरकत नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली. मधले पाच हप्ते कोणी माफ केले असतील तर सांगा, मी त्या कंपनीचा सत्कार करतो.

ज्या धंद्यात दिल्लीहून एका रात्रीत भाव अर्धा होतो, त्या धंद्यात पाच वर्षांचा ठरलेला हप्ता गळ्यात बांधू नये, एवढंच माझं म्हणणं. उभी ट्रॉली व्याज खात नाही.

आणि मुक्कामाचंही बघा. लिलावाला रांग मोठी असली, नंबर उद्यावर गेला, तर रात्र यार्डात काढावी लागते. पिकअपच्या केबिनमध्ये पाय लांब होत नाहीत, सकाळी कंबर धरलेली. ट्रॉलीवर फळ्या टाकून ताडपत्री ताणली की माणूस पाय पसरून झोपतो. पंजाब-हरियाणाचे शेतकरी नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या वेशीवर आले ते ट्रॉल्यांवर छत घालून, आत गाद्या आणि शिधा घेऊन. वर्षाच्या वर तिथे राहिले. माणसं आळीपाळीने गावाकडे जात-येत, ट्रॉली तिथेच. आंदोलनाबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या, मी ट्रॉलीबद्दल बोलतोय. चाकावरचं घर ते हेच, आणि ते आपल्या वेल्डरकडे तयार होतं.

व्यापाऱ्याच्या खळ्यावरही फरक पडतो. हायड्रॉलिक ट्रॉली पाच मिनिटांत खाली. पिकअपचा फळका उघडून माल ओढून काढावा लागतो, त्यात वेळ जातो, आणि जेवढा वेळ जातो तेवढा समोरचा "आत गोल्टी जास्त निघाली" म्हणायला मोकळा.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. टोमॅटोवाल्याने ट्रॉलीच्या भानगडीत पडू नये. दिवसाआड तोडा, क्रेटचा माल, दोन-अडीच महिने सतत पिंपळगावची फेरी. तिथे वेळेला किंमत आहे आणि ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसच्या वर नेऊ नये. भाजीपाला, फुलं, वाशीला माल पाठवणारा, त्यांची गोष्ट वेगळी. वर्षाला शंभराच्या वर खेपा असतील तर पिकअप घ्या. नव्वद असतील तर चौघांत एक घ्या, भावकीत पटत असेल तर. ज्याच्याकडे ट्रॅक्टरच नाही त्याने दोन्ही घेऊ नये, भाड्याची गाडी सांगावी आणि शांत झोपावं. कांद्याला मात्र वेग लागत नाही. आमच्याकडून पिकअप पाऊण तासात पोचते, ट्रॅक्टर सव्वा तासात. पहाटे अर्धा तास आधी निघा. पुढे रांगेत दोघांनाही चार तास उभंच राहायचंय. ट्रॅक्टरचा तो दिवस जातो हे खरं, पण वर्षातले चौदा-पंधरा दिवस जातात, आणि येण्या-जाण्याला डिझेल सहा-सात लिटर.

एक कारण पोरं उघड बोलत नाहीत, ते मी बोलतो. दारात चारचाकी असली की स्थळं येतात. ट्रॉली बघून कोणी मुलगी देत नाही म्हणे. अहो, मुलीचा बाप पण कांदेवालाच असतो, त्याला हप्ता कळत नाही का? आमच्याच पाहुण्यांत एकाने मुलगा बघायला गेल्यावर गाडीची चौकशी न करता बँकेचं स्टेटमेंट मागितलं. तसे बाप वाढले पाहिजेत.

ट्रॉलीची बाजू घेतली म्हणून तिचे दोष झाकणार नाही. रस्त्यावर तिच्याइतकी बेफिकिरी कशातच नाही. अर्ध्या ट्रॉल्यांना ब्रेक नाही. उतारावर अडीच-तीन टन मागून ढकलतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चांदवडच्या घाटात उतरताना खालचा गिअर टाकून उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे शहाणे मी बघितलेत, त्यांनी ते डिझेल आधी दवाखान्यासाठी बाजूला काढून ठेवावं. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला की ती ट्रॅक्टरची शेपटी उचलते, मागच्या चाकांची पकड जाते. पुढे जास्त झाला की चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो. म्हणून भरताना आधी चाकावर, मग थोडा पुढे, शेवटी मागे. हूक खालच्या पट्टीलाच लावायचा, पिनला लॉक घालायचं. लॉकच्या जागी खिळा चालत नाही. मडगार्डवर कोणी बसायचं नाही, भरलेल्या मालावर बायामाणसं बसवायची नाहीत, मग मजूर कितीही घाईत असो.

कागदपत्रंही. ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं. गावातल्या वर्कशॉपमधून बनवून आणली आणि तशीच जुंपली, असं करू नका. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीचा नंबर लिहिलेला आहे का ते उघडून बघा. शेतीच्या नावावरच्या ट्रॉलीत भाड्याने विटा-वाळू वाहिली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते.

आणि दिवे. पहाटे चारला मुंबई-आग्रा रोडवर काळी ट्रॉली, मागे ना दिवा ना पट्टी, आणि मागून ऐंशीने येणारा कंटेनर. त्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते. लाल रिफ्लेक्टर पट्टीचा रोल दोन-तीनशेत येतो. मागच्या फळक्याला आडवी, दोन्ही बाजूंना उभी, एवढी एका रोलमध्ये होते. दिव्यांची वायर ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटपासून ओढायची, जोड टेपने गुंडाळायचा, पत्र्याला घासू द्यायची नाही. फळका हायड्रॉलिकने वर गेला की वायर ताणते आणि तुटते, म्हणून बिजागरीपाशी वीतभर सैल सोडायची. लाल कांदा सुरू व्हायच्या आत एका दुपारी होणारं काम आहे. कोणाला जमत नसेल तर ट्रॉली घेऊन माझ्या मळ्यावर या, पट्टी तुमची, हत्यारं माझी.