गुळवेल, द्राक्षं आणि एक कागद

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाकडे जेवायला गेलो होतो. ताटाशेजारी सूनबाईंनी कसल्याशा चूर्णाची पुडी ठेवलेली दिसली आणि २०२१ सालचा उन्हाळा आठवला. तेव्हाच ठरवलं, यावर एकदा लिहायचंच.

करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच काढे घेतले. भावाने गुळवेलीचा काढा दोन महिने रोज सकाळी, न चुकता घेतला. बाजारातून वाळलेल्या कांड्या आणायचा. "लिंबावरची हाय दादा, एकदम अस्सल," असं मलाच सांगायचा. मग एके दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले. सांगलीला नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "सर, ह्यांनी जे घेतलं त्यातलं थोडं शिल्लक आहे का?" नव्हतं. पुडीवर नाव-गाव काही नाही, आणि माल कुठून आला हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. देवाच्या कृपेने भाऊ बरा झाला. पण बाधली ती गुळवेलच होती, की गुळवेलीच्या नावाखाली दुसरंच काही, की आजार निराळाच होता, ह्याचं उत्तर आम्हाला आजही मिळालेलं नाही.

नेमका हाच वाद त्या वर्षी मोठ्या माणसांतही झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये त्यांनी तसा शोधनिबंध छापला. आयुष मंत्रालयाचं उत्तर आलं की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती तुम्ही तपासलीच नाही. गुळवेलीसारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही तिची बहीणही असू शकेल. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात रुग्णांकडून मिळालेले नमुने प्रयोगशाळेत तपासले होते. त्यांत भेसळ सापडली नाही, आणि निदान काही जणांना तरी खुद्द गुळवेलच बाधते असं त्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण बोलणं पुढे सरकलं ते नमुना तपासल्यावर, हे तर खरं ना?

नावातला घोटाळा फक्त आपल्याकडेच होतो असंही नाही. बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती घालायची होती. तिच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेली दुसरीच, अरिस्टोलोकिया जातीची, त्यात गेली. शंभरावर लोकांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं त्यात बिघडली. १९९३ साली ते जगापुढे आलं. आपल्याकडे 'शंखपुष्पी' म्हणून तीन-चार निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. अशोकाची साल म्हणून त्या सरळसोट उंच 'खोट्या अशोका'ची साल खपते. वाळून पूड झाली की पान नाही, फूल नाही. मग ओळखायचं कशावरून?

आता आपल्या तासगावचं बघा. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडली. कारण काय, तर क्लोरमेक्वाट ह्या औषधाचा अंश. मर्यादा होती किलोमागे फक्त ०.०५ मिलिग्रॅम! किती घरांत त्या वर्षी चूल थंड होती, ते मी पाहिलंय. पण त्यातून आपण शिकलो. आज निर्यातीची बाग नोंदवलेली असते, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो, आणि अहवाल चांगला आला तरच माल हलतो. सातवी शिकलेला शेतकरीसुद्धा 'रेसिड्यू' म्हणजे काय ते मला समजावून सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. परक्या माणसाच्या ताटातल्या द्राक्षाला कागद लागतो, मग आपल्या आजारी भावाच्या काढ्याला का नको?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, रसायनशास्त्र मला परकंच. पण समजून घेतलं तेव्हा कळलं, ह्यात जादू काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघतात. अर्काचे पट्टे अस्सल नमुन्याच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. पूड जाळून राख मोजतात, म्हणजे माती-वाळू किती ते कळतं. जड धातू मोजतात. शिसं दहा लाख भागांत १० च्या वर चालत नाही. हे सगळे नियम आपल्याच आयुर्वेदाच्या सरकारी ग्रंथांत आहेत. म्हणून 'तपासणी म्हणजे आयुर्वेदावर अविश्वास' हे मला पटत नाही. उलट, जुने वैद्य स्वतः रानात जाऊन पारखून मुळी आणत. ती पारख आपण सोडली आणि श्रद्धा तेवढी ठेवली.

परसातल्या तुळशीला कोणी प्रयोगशाळेत न्या म्हणत नाही. पण जे पाकिटात घालून विकलं जातं, त्याच्यामागे तपासणीचा अहवाल हवा, आणि मागितला तर दाखवला पाहिजे. खर्च वाढेल, कबूल. द्राक्षवाला तो सोसतोच की. आणि अहवाल चांगला म्हणजे औषध सगळ्यांना मानवेलच असंही नाही. निदान आपण काय घेतोय ते तरी कळेल.

तोवर घरात एक नेम करा. जे घ्याल त्यातलं चिमूटभर, पाकिटासकट, डबीत जपून ठेवा. आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

असो. भावाच्या सूनबाईंना त्या दिवशी मी पुडीवरचं नाव वाचायला सांगितलं. पुडी कोरीच होती. भाऊ हसला, म्हणाला, "दादा, मास्तरकी काय सुटत नाही तुझी." पण पुडी त्याने बाजूला ठेवली.