दार बंद, कान उघडे

२०२० च्या मार्च अखेरीची कुठल्याही घरातली सकाळ आठवून पाहा. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्याने धुतली जातेय. टीव्हीवर चार चौकटींत चार जण एकाच वेळी ओरडताहेत. मोबाइलवर दर पाच मिनिटांनी नवा उपाय येऊन थडकतोय. कुणी म्हणतं लसूण खा, कुणी म्हणतं कढत पाण्याने आंघोळ करा. लसूण खाऊन किंवा कढत पाण्याच्या आंघोळीने हा विषाणू रोखता येत नाही, असा खुलासा अखेर जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला. माहितीचा महापूर आला होता, पण प्यायला घोटभर स्वच्छ पाणी नव्हतं!

या गोंगाटात काहींनी वेगळी वाट धरली. टीव्ही बंद केला, कानात इअरफोन खोचला आणि हातात झाडू किंवा लाटणं घेऊन पॉडकास्ट ऐकायला सुरुवात केली. ते वर्ष सरलं, मास्क कपाटात गेले. मात्र त्या वर्षातले काही पॉडकास्ट आजही ऐकावेत असे आहेत. त्यांतल्या निवडक पॉडकास्टची ही ओळख.

रेडिओचाच नातू

पॉडकास्ट म्हणजे हवं तेव्हा, हवं तिथे ऐकता येणारा रेडिओ. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन शब्दांची ही सांधेजोड ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकात बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये केली. गंमत अशी, की ज्याच्यावरून नाव पडलं तो आयपॉड २०२२ मध्ये कंपनीने बंद केला, नाव मात्र टिकलं. २०१४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘सिरियल’ या मालिकेनं एका जुन्या खून खटल्याची कहाणी भागाभागाने सांगितली आणि पॉडकास्ट घरोघरी पोहोचला.

मराठी घरांना हे सुख नवं नाही. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींची आणि मीनावहिनींची वाट पाहणारी पिढी किंवा अमीन सायानींच्या आवाजासाठी रेडिओला कान लावून बसणारी पिढी हेच तर करत होती. आवाज दिसत नाही म्हणूनच तो जवळचा वाटतो. पण म्हणूनच तो कुणाचा आहे, हेही पाहावं लागतं.

मत बदलण्याची हिंमत

त्या वर्षातला सर्वांत मोलाचा पॉडकास्ट निघाला जर्मनीत. ख्रिश्चन ड्रॉस्टेन हे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले विषाणुशास्त्रज्ञ. २००३ मध्ये सार्सचा विषाणू शोधून काढणाऱ्यांपैकी ते एक. २६ फेब्रुवारी २०२० पासून एनडीआर या सार्वजनिक रेडिओने त्यांच्याशी गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. नावही साधंच, ‘कोरोनाव्हायरस अपडेट’. ना पार्श्वसंगीत, ना आरडाओरडा. पत्रकार प्रश्न विचारणार आणि शास्त्रज्ञ शांतपणे उत्तर देणार. सुरुवातीला सोमवार ते शुक्रवार रोज भाग यायचा आणि अख्खा देश तो ऐकायचा!

लोकांनी एवढा विश्वास का टाकला? कारण हा माणूस ‘हे अजून ठाऊक नाही’ असं बिनदिक्कत म्हणायचा. मार्चच्या मध्यात शाळा बंद कराव्यात का, असा प्रश्न आला. ड्रॉस्टेन आधी साशंक होते. मग १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या शहरांनी कोणते उपाय केले आणि त्यांचा काय परिणाम झाला, याचा एक अभ्यास त्यांच्या वाचनात आला. त्यांनी मत बदललं आणि ते बदलल्याचं श्रोत्यांना सांगितलंही. एरवी मत बदलणाऱ्याला आपल्याकडे ‘शब्द फिरवला’ म्हणतात. इथे मात्र त्यानेच विश्वास वाढला. त्याच वर्षी या पॉडकास्टला जर्मनीतला मानाचा ग्रिमे ऑनलाइन पुरस्कार मिळाला. पुढे फ्रँकफर्टच्या सांड्रा सिझेक या विषाणुतज्ज्ञ आलटून पालटून सहभागी झाल्या. २०२२ मध्ये या पॉडकास्टने निरोप घेतला.

जर्मन येत नसेल त्यांनी इंग्रजीतला ‘धिस पॉडकास्ट विल किल यू’ ऐकावा. नाव भयंकर असलं तरी तो चालवणाऱ्या दोघी एरिन (एरिन वेल्श आणि एरिन ऑलमन अपडाइक) रोगांच्या अभ्यासक आहेत आणि गप्पा मारत एकेका रोगाची कुंडली मांडतात. २०२० मध्ये त्यांनी या महासाथीवर वेगळी मालिकाच केली होती.

पुरातल्या अफवा

मार्च २०२० मध्ये जगाची दारं बंद होत असतानाच ‘द अटलांटिक’ या अमेरिकन मासिकाने ‘फ्लडलाइन्स’ ही आठ भागांची मालिका आणली. विषय होता ऑगस्ट २००५ मधलं कॅटरिना चक्रीवादळ आणि त्यात बुडालेलं न्यू ऑर्लिन्स शहर. पत्रकार व्हॅन न्यूकर्क यांनी शहर सोडता न आलेल्या माणसांना बोलतं केलं. शहर बुडालं ते केवळ वादळाने नव्हे, तर पाणी अडवण्यासाठी माणसानेच बांधलेले बांध फुटल्याने, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

त्याहून अस्वस्थ करते ती अफवांची कहाणी. आसरा घेतलेल्या लोकांमध्ये खून, बलात्कार, गोळीबार चालल्याच्या बातम्या तेव्हा जगभर पसरल्या. त्यांतल्या बऱ्याचशा नंतर निराधार ठरल्या. पण तोवर मदत मागणारा गरीब माणूस गुन्हेगार ठरून गेला होता. त्यावेळचे केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राउन यांनाही न्यूकर्क थेट प्रश्न विचारतात. २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय पाहिलेल्यांना ही मालिका परक्या देशातली वाटणार नाही. त्यानंतर साधारण महिन्याभराने न्यू ऑर्लिन्स बुडालं होतं.

पत्र लिहिणारे पालक

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि अमेरिका रस्त्यावर उतरली. जुलैमध्ये आलेली ‘नाइस व्हाइट पेरेंट्स’ ही पाच भागांची मालिका त्या मोर्चांबद्दल नाही. ती आहे न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका सरकारी शाळेबद्दल. तरीही वर्णभेद घरात कसा मुरतो, हे ती मोर्चांपेक्षा स्पष्ट सांगते.

चाना जोफी-वॉल्ट या पत्रकार महिलेने शाळेची जुनी कागदपत्रं उकरली. तिला १९६० च्या दशकातली गोऱ्या पालकांची पत्रं सापडली. ‘गोरी आणि काळी मुलं एकत्र शिकतील अशा जागी शाळा बांधा,’ अशी ती मागणी होती. शाळा तशी बांधली गेली. पण पत्र लिहिणाऱ्यांनी स्वतःची मुलं तिथे पाठवलीच नाहीत! चाना त्यांच्यातल्या काहींना शोधून काढते आणि विचारते, का?

या मालिकेत खलनायक नाही. सगळी माणसं सज्जन आहेत, मुलांचं भलं चिंतणारी आहेत. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत असं व्यासपीठावर तळमळीने सांगून मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या घरांत हा पॉडकास्ट जरा जपूनच ऐकावा. चटका बसेल.

डब्याच्या तळाशी काय उरलंय?

सगळंच काही गंभीर नव्हतं. मार्च २०२० मध्ये सामीन नुसरत आणि ऋषिकेश हिरवे या दोघांनी ‘होम कुकिंग’ सुरू केला. सामीन पाककलेवरच्या गाजलेल्या ‘सॉल्ट, फॅट, ॲसिड, हीट’ या पुस्तकाची लेखिका. ऋषिकेश हा अमेरिकेत वाढलेला, भारतीय आईवडिलांचा संगीतकार मुलगा. एकेक गाणं सुटं करून दाखवणारा ‘साँग एक्स्प्लोडर’ हा पॉडकास्ट तो २०१४ पासून करत होता.

श्रोते आपल्या आवाजात अडचण पाठवायचे. घरात अमुक डबे आहेत, तमुक संपलंय, आता काय करू? सामीन उपाय सुचवायची आणि ऋषिकेश त्यावर शाब्दिक कोट्या करायचा. पहिल्याच भागाचा विषय होता उसळीच्या जातीची कडधान्यं. मटकी भिजत घालणाऱ्या मराठी गृहिणीला त्यात नवं ते काय वाटेल! पण दोघांचं मनमोकळं हसणं ऐकण्यासारखं आहे. माणूस एकटा जेवत असेल तेव्हा असं हसणंही ताटातला एक पदार्थ असतो.

मेमध्ये आलेली ‘विंड ऑफ चेंज’ ही आठ भागांची मालिका म्हणजे तर रहस्यकथाच. ‘स्कॉर्पियन्स’ या जर्मन रॉक बँडचं याच नावाचं गाणं शीतयुद्धाच्या शेवटी पूर्व युरोपात गाजलं. ते सीआयएने लिहून घेतलं होतं, अशी एक कुजबुज पत्रकार पॅट्रिक रॅडन कीफ यांच्या कानावर आली. तिचा माग काढत ते थेट गायक क्लाउस माइनपर्यंत पोहोचले. उत्तर काय मिळालं, ते इथे सांगून रसभंग करायला नको.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी पॉडकास्ट २०१७ पासूनचा. कुठल्याही धोरणाचे दिसणारे परिणाम वेगळे आणि न दिसणारे वेगळे, ही फ्रेंच विचारवंत बास्तिया यांची कल्पना त्यामागे आहे. पाहुण्यांशी गप्पा कित्येक तास चालतात. टीव्हीवर ज्याला तीस सेकंद मिळतात, त्याला इथे पूर्ण वाक्य बोलता येतं. लॉकडाऊनच्या वर्षात हीच मोठी चैन होती.

ठेचही लागली

पॉडकास्टवर म्हणजे सगळं खरंच, असंही नाही. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या २०१८ मधल्या ‘कॅलिफेट’ या मालिकेत इसिसच्या एका कथित अतिरेक्याने आपली क्रूर कृत्यं स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. मालिकेला पीबडी हा मोठा पुरस्कार मिळाला. पण सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच माणसाला बनाव रचल्याच्या आरोपावरून पकडलं. डिसेंबरमध्ये वृत्तपत्राने आपली पडताळणी कमी पडल्याचं कबूल केलं आणि पुरस्कार परत केला. श्रोते फसले होते, कारण आवाज थरथरत होता, तपशील भरपूर होते. थरथरणारा आवाज हा काही पुरावा नव्हे!

म्हणून नवा पॉडकास्ट निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. बोलणारा कोण आहे आणि त्याला हे कुठून कळलं, ते तो सांगतो का? न कळलेलं ‘कळलं नाही’ म्हणतो का? आणि चुकलं तर ती चूक त्याच आवाजात सुधारतो का? ज्येष्ठांना रोज आरोग्याचे सल्ले पाठवणाऱ्या नातलगांनाही हीच कसोटी लावायला हरकत नाही.

ऐकायचं कसं?

वेगळं यंत्र लागत नाही. साधा स्मार्टफोन पुरतो. स्पॉटिफायसारख्या ॲपवर नाव टाकून शोधायचं. वाय-फाय असेल तेव्हा भाग उतरवून ठेवला, की प्रवासात इंटरनेट लागत नाही. इंग्रजी भरभर वाटलं तर आवाजाची गती कमी करण्याची सोयही असते. रस्ता ओलांडताना मात्र इअरफोन काढावा.

२०२० मध्ये मराठीत निवड तुटपुंजी होती. आता ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ यांसारख्या गप्पांमुळे ती अडचण उरलेली नाही. घरात कुणी आजी-आजोबा दिवसभर एकटे असतील तर एखाद्या रविवारी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या आवडीचा एक भाग लावून द्यावा, बटण कुठलं ते दाखवावं. पहिला भाग मात्र त्यांच्यासोबत बसून ऐकावा. पोळ्या लाटून होईतो तो संपतोही.